टाकीच्या तळाचं पाणी

नांदेड,
१२ सप्टेंबर २०२५

सुकन्या,

तुमच्या गोदाकाठ मदत मंडळाचा कागद काल माझ्या दुकानात आला. आणणाऱ्यानं तो हातात दिला नाही, काउंटरवर ठेवला आणि पोच मागितली. कागदात लिहिलंय की तीन तारखेच्या पुरात पिंपळघाटाजवळ मंडळाच्या बोटीचं इंजन बंद पडलं, त्याची कारणं दोन. एक, मेकॅनिक जोहरा शेख हिची हलगर्जी. दुसरं, बोटचालक ग्यानोबा यानं घाबरून केलेली चूक. पाच ऑक्टोबरच्या बैठकीत आम्ही खुलासा करायचा, नाहीतर हाच अहवाल पोलिसांकडे जाणार. खाली अध्यक्ष ईश्वरप्पा शेठची सही. विश्वस्तांच्या नावांत तुझं नाव तिसरं आहे.

बावीस वर्षं मी इंजनं खोलतेय. फवारणीचे पंप, गवत कापायच्या मशिनी, लग्नातले जनरेटर. मोंढ्याच्या बाजारामागच्या या गल्लीत माझ्या कामाला नाव ठेवणारा माणूस दाखव. आणि तुमचा कागद मला 'हिची' म्हणतो.

तुझा फोन तुझ्या क्लासच्या ऑफिसातली मुलगी उचलते आणि मॅडम लेक्चरला आहेत म्हणते. दर वेळी लेक्चरलाच असतेस. म्हणून हे पत्र घरच्या पत्त्यावर, रजिस्टरनं.

तू त्या दिवशी लातूरला होतीस, तेव्हा काय झालं ते आधी ऐक. तुळजाबाई नावाची म्हातारी, तिची सून आणि सुनेचं पाच महिन्यांचं लेकरू शेतातल्या आखाड्यावर, तिथल्या खोलीत अडकले होते. पाणी खिडकीपर्यंत आलं, तेव्हा पत्र्यावर चढून बसले. ग्यानोबा एकटा बोट घेऊन गेला. जाताना इंजन एका झटक्यात चालू झालं. तिघांना घेऊन परत निघाला आणि ऐन धारेत इंजन दोनदा खोकलं आणि थांबलं. तो दोरी ओढत राहिला. बोट वाहत जुन्या पुलाच्या खांबाकडे निघाली. आडवी आदळली असती तर उलटली असती, म्हणून त्यानं उजवा हात मधे घातला आणि बोटीचं तोंड फिरवलं. डाव्या हातानं खांबातून निघालेल्या सळईला दोर गुंडाळला. पुलावरच्या लोकांनी चौघांना वर ओढून घेतलं.

लेकराला ओरखडासुद्धा नाही. ग्यानोबाच्या उजव्या हाताची चार बोटं दवाखान्यात काढावी लागली. पिढ्यान् पिढ्या नदीवर नाव चालवणारं घर त्याचं. आणि तुमचा कागद म्हणतो, घाबरून केलेली चूक.

दुसऱ्या दिवशी मी आणि माझी लेक सादिया पिंपळघाटाला गेलो. पोलीस पाटलासमोर बोटीची टाकी काचेच्या बरणीत उपसली. वर पेट्रोल, खाली चार बोटं गढूळ पाणी. नुसतं पाणी नाही, पेट्रोलमधलं इथेनॉल ओढून घेतलेलं पाणी. बोटीत ग्यानोबा एकटा होता, तोवर तिचं तोंड वर होतं आणि हे पाणी टाकीच्या मागच्या कोपऱ्यात होतं. चौघं बसले, बोट सपाट झाली आणि पाणी नळीच्या तोंडाशी आलं. इंजननं तेच ओढलं. एवढीच गोष्ट आहे. हिच्यात ग्यानोबाची चूक कुठं आहे ते मला दाखव.

ही गोष्ट तू क्लासात रोज केमिस्ट्रीत शिकवतेस. इथेनॉल पाण्याला धरतं, पाणी वाढलं की पेट्रोलला सोडून देतं आणि दोघं तळाला बसतात. मला हे अब्बांनी आणि इंजनांनी शिकवलं, तुला पुस्तकांनी. पण माझं कोण ऐकणार, मी बारावी. तू एका कागदावर लिहून सही कर. तू लिहिलंस तर ईश्वरप्पा शेठला मान खाली घालावी लागेल.

जूनमधल्या सर्व्हिसिंगच्या वहीत माझी सही आहे, ती ते दाखवत फिरत आहेत. सही माझीच आहे. दरवर्षीसारखं काम झालं. त्या सहीचं एवढंच.

जोहरा


नांदेड,
२१ सप्टेंबर २०२५

सुकन्या,

पोच आली, त्यावर तुझी सही आहे. उत्तर नाही. परवा शारिक पार्ट आणायला जीपनं लातूरला गेला होता. त्याच्याजवळ त्या टाकीतल्या पेट्रोल-पाण्याची बाटली पाठवली. तुझ्या क्लासच्या वॉचमननं ती ठेवून घेतली, पण शारिकला आत सोडलं नाही. नवऱ्यानं परत येऊन मला हे सांगितलं, तेव्हा तो हसत होता. मला नाही हसू आलं.

ठीक आहे, आता मी मागचं काढते.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये बोटीचं उद्घाटन झालं. बोट तुमच्या क्लासनं दिलेली, दोन्ही बाजूंनी क्लासचं नाव, एवढं मोठं की पुरात अडकलेल्या माणसाला आधी केमिस्ट्री दिसावी. तूच मला बोलावलंस. मी नवा ड्रेस घालून आले. ईश्वरप्पा शेठ माइकवर म्हणाले की टाकी बाराही महिने फुल्ल राहील, बोट कायम तयार. मी हात वर केला. म्हटलं, शेठ, हे पेट्रोल आता पहिल्यासारखं राहिलं नाही, असं भरून ठेवू नका. आणि तू माइक घेऊन म्हणालीस, "जोहरा, आता टेक्निकल नको, पेढे थंड होतील." सगळा मांडव हसला. तूही हसलीस.

पेढे थंड होत नसतात, सुकन्या.

तरी मी घरी येऊन दोन पानं लिहिली आणि तुझ्या क्लासच्या पत्त्यावर पाठवली. पूर संपला की टाकी रिकामी करा आणि ते पेट्रोल कुणाच्या मोटारसायकलीत घालून वापरून टाका. मग इंजन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होईल. ठेवायचंच असेल तर पेट्रोल टिकवायचं औषध मिळतं, स्टॅबिलायझर. पण ते ताज्या पेट्रोलमध्ये, त्याच दिवशी टाका आणि दहा मिनिटं इंजन चालवा. जुन्यात टाकून काही होत नाही. टाकीचं झाकण घट्ट, त्यावरचा हवेचा स्क्रू बंद, शेड गळकी नको. सगळं साध्या मराठीत लिहिलं. तुमच्या ऑफिसचा शिक्का मारलेली पोच माझ्याजवळ आहे. पुढं काय झालं? काही नाही. सव्वीस जानेवारीला फोटोसाठी बोट फिरवली, टाकी तशीच. मे महिन्याच्या वादळात शेडचे पत्रे उडाले, टाकी तशीच. पावसाळाभर तिच्यात हवेच्या भोकातून पाणी जाऊन राहिलं.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी एवढी जळाले नसते. पण तू?

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नाही. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी अब्बा जीपनं तुमच्या गावाकडं गेले होते, किल्लारीच्या अलीकडं. दिवस मावळायला आलेला, ढिगाऱ्यात माणसं, आणि उजेडासाठी कुठल्यातरी गोदामातून आणलेला जनरेटर चालू होईना. कितीतरी वर्षं कुणी हात लावला नव्हता. आतलं पेट्रोल वाळून काकवीसारखं झालेलं. अब्बांनी ढिगाऱ्याशेजारी बसून कार्बोरेटर साफ केला. दोन तास लागले. उजेड झाला तेव्हा तुमच्या घराचे दगड काढले. डॉक्टर अब्बांना म्हणाले की बाईचा जीव आत्ताच गेलाय, अंग अजून गरम आहे.

ती तुझी आई. तू अकरा वर्षांची, रस्त्यावर गोधडी घेऊन बसलेली. मग तुझे मामा तुला नांदेडला आमच्या गल्लीत घेऊन आले आणि आपण सहा वर्षं एका बाकावर बसलो. अब्बांनी तुला कधी सांगितलं नाही. मला सांगितलं ते शेवटच्या आजारपणात. म्हणाले, इंजन रोज लागत नाही, पण ज्या दिवशी लागतं त्या दिवशी त्याच्या मागं माणूस असतो.

आता सांग, पेढे थंड झाले का.

जोहरा


नांदेड,
२९ सप्टेंबर २०२५

सुकन्या,

काल सादिया धावत दुकानात आली. तिच्या लातूरच्या मैत्रिणीनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला होता. तुझा क्लास, आठशे पोरंपोरी, आणि तू टेबलावर माझी बाटली ठेवलेली. शेजारी काचेच्या उभ्या नळीत ताजं पेट्रोल. तू त्यात थोडं थोडं पाणी घातलंस, हलवलंस, आणि पोरांना थर दिसेपर्यंत बोलली नाहीस. मग म्हणालीस, "आपल्या क्लासचं नाव असलेली बोट यामुळं बंद पडली. एका बाईनं दोन वर्षांपूर्वी हे सगळं आपल्याला लिहून कळवलं होतं. तो कागद माझ्या ऑफिसात होता. मी वाचला नाही."

मी तीनदा बघितलं.

आज सकाळपासून दुकानात माणसं येऊन राहिलीत. ज्यांनी पंधरा दिवस पंप दुसरीकडं नेले तेच. चहावाल्यानं चहा पाठवला. कुणी म्हणतंय, जोहराबाईनं खरं करून दाखवलं. संध्याकाळपर्यंत मला बसवेना. मी शटर अर्धं ओढलं आणि लिहायला बसले.

मला तुझा भयंकर राग आला आहे. मला विचारल्याशिवाय तू मला एवढं मोठं करून ठेवलंस. मी फक्त एक कागद मागितला होता.

आणि आईची गोष्ट मी तुला तशी लिहायला नको होती. रागात लिहिली. खरी आहे, पण मारायला उचलली होती. त्याची माफी मागते. बाकी कशाची मागत नाही अजून.

आता सहीचं ऐक.

जूनच्या सात तारखेला ईश्वरप्पा शेठचा माणूस मला सर्व्हिसिंगला घेऊन गेला. शेडच्या दारातूनच बोटीवर तुझ्या क्लासचं नाव दिसलं आणि मला तो मांडव आठवला. दोन वर्षं तू फोन केला नव्हतास. मी प्लग बदलला, पाण्यातल्या पंख्याचं ग्रीस बघितलं, गिअरचं तेल घातलं. वर बघितलं तर आभाळ दिसत होतं, पत्रे नव्हते. टाकीवर पाणी साचलेलं होतं आणि हवेचा स्क्रू उघडा होता.

ईश्वरप्पा शेठ म्हणाले, "पेट्रोलचं टेन्शन घेऊ नका, मी कालच औषध टाकलंय." आणि रिकामी बाटली दाखवली. जानेवारीच्या, त्याच्याही आधीच्या पेट्रोलमध्ये औषध. मला ठाऊक होतं ते कशाच्याही कामाचं नाही. टाकीचं झाकण माझ्यापासून हातभर लांब होतं. उघडून वास घेतला असता तरी कळलं असतं.

मी उघडलं नाही. मनात म्हटलं, मी एकदा सांगितलंय, लिहून दिलंय, आता यांचं हे बघतील. बंद पडू दे एकदा, तिला कळू दे. तिला म्हणजे तुला. वहीत सही केली आणि निघून आले.

पूर, माणसं, ग्यानोबा, काही काही डोक्यात आलं नाही. फक्त तू होतीस.

हे मी शारिकलाही सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. तो म्हणाला, ग्यानोबाला कोण सांगणार? उद्या मी जातेय.

जोहरा


नांदेड,
७ ऑक्टोबर २०२५

सुकन्या,

तू बैठकीला आली नाहीस. तुझ्याऐवजी तुझे मिस्टर, बालाजी भाऊजी आले होते. त्यांनी तुला काय सांगितलं असेल मला माहीत नाही, म्हणून मी सांगते.

आधी ग्यानोबाचं. मी गेले तेव्हा तो ओट्यावर बसून डाव्या हातानं भाकरी खायला शिकत होता. त्याच्या बायकोनं, शिवकांतानं, मला पाणी दिलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. त्यानं भाकरी खाली ठेवली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. शिवकांता उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही. मग तो म्हणाला, "आपा, मला सांगून काय उपयोग. मला तर हाताकडं बघूनच कळून राहिलंय की कुणीतरी चुकलंय. तिथं सांगा."

पाच तारखेला तिथं सांगायला गेले, तर तिथं वेगळीच तयारी होती. तुझ्या व्हिडिओनं सगळ्यांची झोप उडालेली. ईश्वरप्पा शेठनं मला खुर्ची दिली, आधी कधी दिली नव्हती. म्हणाले, "जोहराबाई, तुमचं बरोबर होतं. आपण नवा अहवाल केलाय." वाचून दाखवला. त्यात माझं नाव नाही, ग्यानोबाचं नाव नाही, मंडळाचं नाही. सगळा दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलचा. भाऊजी म्हणाले, हे सगळ्यांच्या सोयीचं आहे, आणि शास्त्रीयसुद्धा आहे.

सुकन्या, मी इथेनॉलवर कमी शिव्या घातलेल्या नाहीत. त्यानं माझ्या दुकानातल्या किती पंपांच्या रबरी नळ्या मऊ केल्या आणि किती कार्बोरेटरमध्ये पांढरी भुकटी साचवली, ते मला विचार. पण त्या दिवशी मला त्या टेबलाभोवतीच्या सगळ्यांचाच संताप आला. पंपावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की वीस टक्के आहे. ते लपून आलं नव्हतं. त्याचा स्वभाव तुला ठाऊक होता, मला ठाऊक होता, शेठनासुद्धा औषधाची बाटली आणण्याइतका ठाऊक होता.

मी उठून म्हणाले, "वहीत इथेनॉलनं सही केलेली नाही. मी केली आहे."

आणि सांगितलं सगळं. उघडा स्क्रू, उडालेले पत्रे, जुन्या पेट्रोलात टाकलेलं औषध, माझ्यापासून हातभर लांब असलेलं झाकण. कोणावर राग धरून उघडलं नाही तेही सांगितलं, तुझं नाव घेऊन. भाऊजी खाली बघायला लागले. शेठ म्हणाले, बाई, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत आहात, आणि आमच्याही. मी म्हटलं, एक माणूस हात गमावून घरी बसलाय आणि त्याच्या नावापुढं तुम्ही पहिल्या कागदात 'घाबरून' लिहिलंत. ते आधी खोडा.

दीड तास चाललं. मला घरी जा म्हणाले, मी गेले नाही. शेवटी पोलीस पाटील बोलले. म्हणाले की बरणी त्यांच्यासमोर उपसली आहे आणि पोलिसांनी विचारलं तर ते हेच सांगणार. मग नवा कागद झाला. ग्यानोबाची कसलीही चूक नाही, त्याच्यामुळं तीन जीव वाचले, ही पहिली ओळ. टाकी भरून ठेवली आणि शेड दुरुस्त केली नाही म्हणून अध्यक्ष जबाबदार. न बघता सही केली म्हणून मी. आलेली सूचना वाचली नाही म्हणून विश्वस्त सुकन्या.

शेठनं सही केली. मी केली. पोलिसांत काय व्हायचं ते होईल. कागद या पत्रासोबत आहे.

जोहरा


नांदेड,
१६ ऑक्टोबर २०२५

सुकन्या,

तू येऊन गेलीस आणि मी दुकानात नव्हते. मुद्दाम नव्हते असं नाही, हदगावला जनरेटर बघायला गेले होते. पण आधी कळलं असतं तरी थांबले असते का, सांगता येत नाही.

ग्यानोबानं सांगितलं. तू गाडी पुलाजवळ सोडून चालत गेलीस, त्याच्या ओट्यावर बसून त्या कागदावर सही केलीस, शिवकांतानं भाकरी दिली ती खाल्लीस. मला तिनं अजून पाण्याच्या पुढं काही दिलेलं नाही. तू त्याला विचारलंस की तुमच्यासाठी काय करू. त्यानं काय उत्तर दिलं ते त्यानं मलाही ऐकवलं, ईश्वरप्पा शेठलाही ऐकवलं. म्हणतो, "हात गेलाय, नदी कळते ती गेली न्हाई. मला बोटीवरनं काढू नका. नवी पोरं मी शिकवतो."

मंडळानं हो म्हटलं. पेट्रोल कधी भरायचं आणि कधी उपसायचं हे मी ठरवणार, तेही लिहून घेतलंय. बोटीवरचं नाव तू खरवडायला सांगितलंस म्हणे. ते तुझं तू बघ.

माझा राग गेला असं समजू नकोस. तुझ्यावरचाही नाही आणि माझ्यावरचाही नाही. रात्री डोळे मिटले की अजून ते झाकण दिसतं. पण आता निदान एकाच गोष्टीवर दोघी चिडलेल्या आहोत.

ग्यानोबाची एक अट राहिली, ती त्यानं तुला सांगितली नाही, कारण तू निघून गेल्यावर सुचली. ज्यांनी ज्यांनी या बोटीच्या कागदांवर सह्या केल्या, त्या सगळ्यांना तो आधी शिकवणार. बोटीत बसवून, धारेपर्यंत नेऊन, इंजन बंद करून. बोट कशी वाहत जाते ते एकदा अंगाला कळू दे म्हणतो. शेठनं तब्येतीचं कारण काढलं, ग्यानोबानं ऐकलं नाही.

मला पोहता येत नाही. तुलाही येत नाही, मला ठाऊक आहे. रविवारी सकाळी आठला पिंपळघाट. यादीत तुझं नाव मी घातलंय.

जोहरा